दाण्याचं छत

संतपुरात मारोती मिस्त्रीचं नाव काढलं की माणसं अजून मान वर करून छताकडे बघतात. औराद तालुक्यातल्या जुन्या पक्क्या घरांमध्ये बसायच्या खोलीत वर त्याचा दाणा असतोच. गिलावा ओला असताना त्यावर सिमेंट-चुन्याचा पातळ माल असा उडवायचा की ज्वारीएवढे ठिपके उठले पाहिजेत, सगळे सारखे, एकाला एक न चिकटलेले. आमच्याकडे त्याला नुसतं दाणा म्हणतात. एके काळी दाणा नसलेल्या घराला लोक नाकं मुरडायचे. आता तोच दाणा कुणाला नको झालाय. जाळी धरतात, धूळ गळते, म्हणून जो तो छत घासून गुळगुळीत करून घ्यायला लागलाय. मारोती मिस्त्री तीन वर्षांपूर्वी गेला, त्याला हे बघावं लागलं नाही.

त्याची बायको कोंडाबाई आहे. सत्तरीला टेकलेली, अंगानं काटक, तोंडानं फटकळ आणि डाव्या डोळ्यानं आंधळी. आणि तालुक्यातला तो सगळा दाणा तिच्या हातचा आहे.

तिच्या! मारोतीच्या नव्हे. मारोती गिलाव्याला पक्का होता, त्यात खोट काढायची सोय नव्हती. भिंत अशी सरळ आणायचा की ओळंब्यानं लाजावं. पण दाणा त्याला उभ्या जन्मात जमला नाही. औरादच्या एका तूरवाल्या व्यापाऱ्याकडे पहिल्यांदा दाण्याचं काम मिळालं, तेव्हा तो सकाळपासून माल उडवत होता आणि माल गोळ्यागोळ्यांनी त्याच्याच डोक्यावर पडत होता. कोंडाबाई खाली घमेलं घेऊन उभी. शेवटी तिला राहवलं नाही.

"अवं, सरका तिकडं. सडा कधी टाकलाव का जल्मात?"

पदर खोचून ती बांबूच्या पहाडावर, म्हणजे परांचीवर चढली. शिंदीचा फडा, झाडायचा असतो तोच, मालात बुडवला आणि अंगणात सडा टाकतात तसा मनगटानं झटका दिला. फरक एवढाच की अंगणात हात खाली जातो, इथं वर गेला. ती डावखुरी. लहानपणी त्या हातावर आईनं पुष्कळ चापट्या मारल्या, पण सडा टाकायला तोच हात पुढे यायचा. छतावर दाणा उठला. मारोती बघतच राहिला. मग खाली उतरून त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर खोलीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून दार लागायचंच. मालकाला तो सांगायचा, "वारं लागलं की दाणा गळतो. काम व्हईपर्यंत कुणी आत यायचं न्हाई." आणि मालकही माना डोलवायचे. बाईचा हात आहे म्हटलं की रोजी कापली असती, हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर मारोतीला नाव पाहिजे होतं. कोंडाबाईनं ते दिलं. घरभरणीच्या दिवशी मालक मारोतीला अंगणात टॉवेल-टोपी घालायचा आणि ती बाकीच्या बायांबरोबर मागे उभी राहून बघायची. त्याच घराच्या आत मग त्या दोघांना कुणी बोलवायचं नाही, ते दुखणं वेगळंच. ते निदान दोघांचं मिळून होतं.

पुढे त्यांनी स्वतःचं घर बांधलं. तेव्हा कोंडाबाईनं एकच गोष्ट मागितली.

"आपल्या घरात दाणा नगो. वर साधं गुळगुळीत करा. पडल्यावर डोळ्याला गार वाटाया पायजे."

"येडी का खुळी?" मारोती म्हणाला. "गिऱ्हाईक इथंच बघाया येतंय. मिस्त्रीच्याच घरात दाणा न्हाई म्हणल्यावर कोण काम देईल?"

हॉल, दोन खोल्या, एवढंच काय, स्वयंपाकघरातसुद्धा त्यानं दाणा घातला. म्हणजे तिला घालायला लावला. हॉलचा शेवटचा कोपरा राहिला होता आणि चुना घातलेला माल तिच्या डाव्या डोळ्यात गेला. पाणी मारलं, दूध घातलं, उदगीरच्या दवाखान्यात नेईपर्यंत डोळा पांढरा झाला होता. लोकांनी विचारलं तर मारोती सांगायचा, "माल देताना वर बघितली, बावळट." आणि कोंडाबाईही तेच सांगायची. त्या वेळी अमरदीप, तिचा एकुलता मुलगा, बिदरला हॉस्टेलमध्ये शिकत होता. त्यालाही तिनं तेच सांगितलं. नवऱ्याचं नाव झाकण्यासाठी तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला बावळट म्हणून घेतलं, वर्षानुवर्षं. आता ते तोंड कुठल्या विहिरीत धुवायचं?

यंदा उन्हाळ्यात डॉक्टरनं सांगितलं की उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. औषधानं थोडा थांबेल, पण गेलेली नजर परत येणार नाही. घरी येऊन कोंडाबाई पलंगावर पडली, वर बघितलं, आणि संध्याकाळी मुलगा बँकेतून आल्या आल्या त्याला म्हणाली, "अमर, हे छत काढून टाक. समदं. डोळा हाय तवर मला एकदा साधं पांढरं छत बघायचंय."

अमरदीप गावातल्याच बँकेत आहे. मुलगा वाईट नाही. आईचं औषधपाणी नेमानं करतो. त्याची बायको प्रियंका गुलबर्ग्याची. तिच्या भावाचं घर ज्यानं केलं तो कॉन्ट्रॅक्टर बसवप्रभु तिनं बोलावला. बसवप्रभु आला तो मोबाईलवर कन्नडात कुणाला तरी झापतच आला. चहा पिऊन होईपर्यंत त्यानं आपण कुठकुठं छतं केली त्याची गावं सांगून झाली होती. मग त्यानं हॉलमध्ये बॅटरी लावून वर बघितलं आणि गप्प झाला. ह्या माणसाला गप्प राहता येतं, हे तेव्हाच कळलं.

"सर, हे सिमेंटचं काम हाय. पाणी मारून सुटत न्हाई. मशीन लावावं लागतंय, धूळ लई होतंय. त्यापेक्षा खालून पीओपी मारू. वरचं वर ऱ्हाईल."

"झाकायचं न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "काढायचं."

"काढू की, अक्का. पण एक सांगू? ज्यानं केलंय त्यानं जबर केलंय. बघा सर, दाण्याचं तोंड समदं एकाच बाजूला हाय. डावखुऱ्या माणसाचा हात हाय हा. तुमचे वडील डावखुरे होते काय?"

कोंडाबाईच्या हातात चहाची बशी होती. डाव्या हातात. ती तशीच थांबली. आता बघतील, तिला वाटलं. आता मान वळवतील आणि ह्या हाताकडं बघतील.

अमरदीप वर बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. "न्हाई हो, अप्पा उजवे होते," तो म्हणाला. "म्हणजे बघा, दोन्ही हातांनी करत होते! आम्हाला कधी कळलंच न्हाई."

काय म्हणावं ह्याला? कोंडाबाईनं बशी खाली आपटली. "तुझ्या अप्पाला एका हातानं येत नव्हतं, दोन हाताचं काय सांगायलास? दाणा मी टाकलाय. समदा. ह्या हातानं. डोळा कामून गेला वाटतंय तुला?"

मग अमरदीप आईजवळ बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तापलेल्या पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "व्हय माय. तू माल दिलीस म्हणून तर अप्पांनी केलं. तुमच्या दोघांचंबी कष्ट हाय त्यात. कोण न्हाई म्हणतंय?"

"माल दिले म्हणायले का मी?"

"बरं, बरं." आणि बसवप्रभुकडे वळून, "खोल्या आणि किचन काढा. हॉलचं ठेवा. अप्पांची तेवढीच निशाणी हाय."

निशाणी! कोंडाबाईच्या तोंडाची चव गेली. तिचा डोळा ज्या कोपऱ्यात गेला तो कोपराच नेमका ह्याला निशाणी म्हणून पाहिजे.

काम सुरू झालं. प्लास्टिक अंथरलं, मशीन घरघरलं, घरभर पांढरी धूळ. कोंडाबाई अंगणात लिंबाखाली बसून राहायची आणि आत दाणा पडल्याचा आवाज ऐकायची. तिला वाईट वाटत नव्हतं. आपला दाणा, आपण टाकलेला, आपणच काढायला लावलाय. त्यात रडायचं काय? स्वयंपाकघराला पुट्टीचा पहिला हात बसला त्या दिवशी ती आत गेली आणि फरशीवर आडवी झाली. वर नुसतं पांढरं. काही नाही, एक ठिपका नाही. "आत्या, पाठीला गार लागंल," प्रियंका म्हणाली. "लागू दे," कोंडाबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

इकडे हॉलमध्ये अमरदीपचं वेगळंच चाललं होतं. त्यानं छताच्या चारी कडांनी दिव्याची पट्टी लावून घेतली. उजेड तिरपा पडला की दाणा दाणा उठून दिसायचा. खाली भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी अप्पांचा मोठा फोटो. रविवारी अप्पांच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं होतं, भंतेजींना सांगून झालं होतं, सोयरे-धायरे येणार होते. गुरुवारी बिदरहून पाटी आली. काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं.

"काय लिवलंय?" कोंडाबाईनं विचारलं.

प्रियंकानं वाचलं. "कालकथित मारोती मिस्त्री यांच्या हातची अमर कला."

दुपारची वेळ होती. बसवप्रभुची माणसं स्वयंपाकघराला पुट्टीचा दुसरा हात मारून लिंबाखाली जेवायला बसली होती. छत ओलं होतं. चढायची लोखंडी घोडी उभी होती, आणि तिच्यावरच पातळ पुट्टीची बादली. कोंडाबाईनं कोपऱ्यातला फडा उचलला. पदर खोचला. गुडघे कुरकुरले, पण ती चढली.

प्रियंका धावत आली. "आत्या! उतरा! पडताव!"

"माझी घोडी धर," कोंडाबाई म्हणाली. "आणि बघ."

फडा धरलेला डावा हात बादलीत गेला, वर आला, मनगटानं झटका दिला. खांद्यातून कळ निघाली. पहिला हात जरा जाड पडला. दुसरा बरोबर बसला. मग हात आपोआप चालायला लागला, तिला बघावंही लागत नव्हतं. गुळगुळीत पांढऱ्या छतावर दाणा उठत गेला, ज्वारीएवढा, सारखा, सगळ्याचं तोंड एका बाजूला. प्रियंका घोडी धरून वर बघत होती. निम्मं छत भरलं तेव्हा कोंडाबाई खाली उतरली आणि भिंतीला टेकून बसली. जे बघायला डोळा राखून ठेवला होता, ते तिनं आपल्याच हातानं बिघडवलं होतं.

बसवप्रभु आवाज ऐकून आत आला. त्यानं वर बघितलं, मग तिच्या पुट्टीनं माखलेल्या डाव्या हाताकडे बघितलं. "अय्यो अक्का," तो हळूच म्हणाला, "तूच व्हय ती."

तेवढ्यात अमरदीप जेवायला घरी आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आधी चिडला, "हे काय केलीस माय!" आणि मग त्यानं वर बघितलं. तो छताखाली येऊन उभा राहिला. बराच वेळ. मग हॉलमध्ये गेला. दिव्याच्या पट्टीचं बटण दाबल्याचा आवाज आला. कोंडाबाई ऐकत होती. आता तो येईल, आणि नुसतं माय म्हणाला तरी चालेल, तिला दुसरं काही नको होतं.

तो आला. चेहरा पार उतरलेला. त्याला कळलं होतं, ते तिला एका डोळ्यानंही दिसलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, पण तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या हाताकडेही नाही.

"माय," तो म्हणाला, "पाटी करून आलीया. समद्या पाव्हण्यांना सांगून झालंय. आता गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?"

"आन् माझं?"

"तुझं काय? तू तर हाईस की."

तो उठला. प्रियंका त्याच्याकडे टक लावून बघत होती, तिच्याकडेही त्यानं बघितलं नाही.

"सर, अक्काचा हात..." बसवप्रभुनं तोंड उघडलं.

"कॉन्ट्रॅक्टर, तुम्ही कामाचं बघा. हे पुसून घ्या. रविवारच्या आत झालं पायजे."

बसवप्रभुनं एकदा वरच्या दाण्याकडे बघून घेतलं. मग त्यानं माणसाला हाक मारली. माणूस हात धुऊन आला, पत्र्याची पट्टी घेऊन घोडीवर चढला. पुट्टी अजून ओली होती. पट्टी फिरवली तसा दाणा सगळा निघून आला, आणि छत कोंडाबाईला पाहिजे होतं तसं गुळगुळीत झालं.