दगडी घोड्याची नाल

कोल्हापुरात महाराजांच्या राज्यात मी बांधकामावर कारकून होतो. दगडाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद तिथं रोज भेटायचा. माणसांवर तो खेकसायचा. घोड्याचा खूर हातात घेताना मात्र स्वतःची पायताणं काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "चुकलं तर माफी कर, बाबा."

कोल्हापूर उभारणाऱ्या त्या घोड्यांची आठवण म्हणून चौकात एक पाय उचललेला दगडी घोडा बसवला. सगळे वाहवा करत होते. नालबंद वाकला, उचललेला खूर खालून चाचपला आणि शिल्पकारावर ओरडला, "नाल कुठं हाय? अनवाणी दगड वडला व्हय ह्यानं?"

शिल्पकारानं छिन्नी घेतली. नाल कोरून झाल्यावर नालबंदानं पायताणं काढली, खुरावरची भुकटी फुंकली आणि म्हणाला, "चुकलं आमचं. माफी कर, बाबा."

मीही पायताणं काढली.