एका श्रोत्यापुरता अ‍ॅम्प्लिफायर

पन्नाशीला आलेल्या बाईने गिटार शिकावी की नाही, यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिची गिटार कपाटावर धूळ खात पडली होती. ती मी खाली काढली आणि मोबाइलवर बघून शिकायला लागले. नवऱ्याने आठ दिवस निमूट ऐकून घेतलं आणि नवव्या दिवसापासून संध्याकाळी सहाला फिरायला जायचा नेम धरला. चालायला जा म्हणून डॉक्टर त्याला वर्षानुवर्षं सांगून थकले होते.

राहिले सासरे. त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, मीही म्हणते. दादा माझे एकुलते एक श्रोते. सहा वाजले की ते खुर्ची ओढून समोर बसायचे, मान डोलवायचे आणि शेवटी दोन टाळ्या वाजवून म्हणायचे, "लई झकास. साकु आता, दमली असशील." साकु म्हणजे पुरे. सासरचं घर कानडी आणि मी बार्शीची. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे मोजके कानडी शब्द आले त्यातला हा पहिला, आणि तोही ताटात चौथी भाकरी पडू नये म्हणून शिकलेला.

दादा अडतीस वर्षं कापड गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारा माणूस. त्या खडखडाटात कानाला काही कळायचं नाही, म्हणून ते मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून बिघाड ओळखायचे. हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे. आणखी एक गोष्ट ते छाती फुगवून सांगत. माग नीट चालू लागला की ते तिथे क्षणभर थांबत नसत. शाबासकी नाही, मागे वळून बघणं नाही, सरळ पुढच्या मागाकडे. "चालत्या मागापाशी जॉबरचं काय काम?" असं म्हणायचे.

गिरणी बंद झाली, पण कान तिथेच राहिले. कानाचं यंत्र आणून झालं. चार दिवस लावून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. "त्यात पंखा लई मोठ्यानं ऐकू येतोय, माणूस न्हाय," हे त्यांचं कारण. दादांना जरा कमी ऐकू येतं, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. ते किती कमी, हे मला एका गुरुवारी कळलं.

शेजारच्या मुलीची परीक्षा होती. तिला त्रास नको म्हणून मी तारांखाली नॅपकिन कोंबला आणि वाजवायला बसले. आवाज म्हणाल तर बोटाने पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तेवढा. दादांनी नेहमीसारखी मान डोलवली, दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "आज तर कालच्यापेक्षा झकास!"

मला शंका आली. मी पुन्हा वाजवायला लागले आणि ताल धरणारा पाय थांबवला. दादांची मान थांबली. मग हात थांबवला आणि नुसता पाय हलवला. मान डोलायला लागली. म्हणजे वर्षभर झकास वाजत होती ती माझी चप्पल.

मला आधी हसू आलं, मग राग आला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. मी वाईट वाजवते असं म्हणणारे मला चालले असते. पण वर्षभर रोज समोर बसलेल्या माणसापर्यंत माझा एक सूरही पोचला नव्हता, हे मला सहन होईना. त्यांना मी काही बोलले नाही. पण ठरवलं, दादांना माझी गिटार ऐकू गेलीच पाहिजे. एकदा तरी.

"त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून तर बसत होते," नवरा म्हणाला. "कशाला म्हाताऱ्याचा सुखाचा जीव दुःखात घालतेस?" त्या दिवशी मी त्याच्या आमटीत मीठ घातलं नाही.

सात रस्त्याजवळ स्पीकरचं एक मोठं दुकान आहे. पंधरा दिवसांनी एका रविवारी मी गिटार पाठीला आणि दादांना बरोबर घेऊन तिथे गेले. आम्ही भाजीसुद्धा दाबून बघून घेणारी माणसं, आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला घरी ठेवून अ‍ॅम्प्लिफायर कसा घेणार?

"अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे," मी म्हणाले.

"पब्लिक किती हाय, ताई?" दुकानदाराने विचारलं. त्याचं सगळं गिऱ्हाईक वराती आणि मंडळांचं.

"एक."

"एक हजार व्हय?"

"एकच. हे उभे आहेत ना, हे."

त्याने दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वायर गिटारला लावायला घेतली. तेव्हा कळलं की माझ्या गिटारला वायर घालायला भोकच नाही. मी दोन आठवडे रात्रंदिवस अ‍ॅम्प्लिफायरची माहिती वाचत होते, पण स्वतःची गिटार फिरवून बघायचं मला सुचलं नव्हतं. दुकानदार भला माणूस. त्याने एक चपटी चकती आणली, गिटारच्या पोटावर चिकटवली आणि डॉक्टर छाती तपासतात तसा गंभीर चेहरा करून म्हणाला, "आता वाजवा."

पहिला डबा निळ्या दिव्यांचा, इलेक्ट्रिक गिटारसाठीचा. त्यातून माझी गिटार भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखी वाजली. दुसरा चाकांचा, कमरेएवढा. "ह्यो लग्नाला बी चालतोय, बारशाला बी चालतोय," असं म्हणत त्याने आवाज वाढवला आणि त्या स्पीकरने अशी शिट्टी मारली की दुकानातल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. दादा शांतपणे म्हणाले, "चालू केलं का न्हाय अजून?"

माझं अवसान गळालं. या आवाजानेही होत नसेल तर संपलंच. दुकानदाराने तोवर वरच्या फळीवरून तिसरा डबा काढला. गुडघ्याएवढा, जाड लाकडाचा, तपकिरी. साध्या गिटारसाठीच बनवलेला. कुणीतरी मागवला होता आणि न्यायला आलाच नव्हता. त्याने तो पुसून जमिनीवर ठेवला, जोडला आणि मी उगाच आपलं वाजवायला सुरुवात केली. आवाज गोड होता, भरीव होता, पण मोठा नव्हता.

दादा बराच वेळ उभे होते. त्यांना वाटलं, आपल्यासाठी कुणीतरी स्टूल ठेवलंय. ते त्याच्यावर बसले.

"आजोबा, उठा, उठा!" दुकानदार ओरडला. दादांना कुठलं ऐकू यायला! मी शरमेने लाल झाले आणि काय करावं न सुचून वाजवतच राहिले. तेवढ्यात दादांचा चेहरा बदलला. ते सावकाश उठले, वळले, वाकले आणि त्यांनी डब्यावर तळवा ठेवला.

"हे चालू हाय की!" ते म्हणाले.

"वॅट लई कमी हाय त्याला, ताई," दुकानदार म्हणाला.

"हाच द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी डबा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. दादांनी तळवा टेकला, डोळे मिटले. मी वाजवायला लागले आणि मनात त्या दोन टाळ्यांची वाट बघायला लागले.

"थांब," दादा म्हणाले. "हितं धागा तुटतोय."

मी पुन्हा वाजवलं. त्याच जागी त्यांनी कपाळाला आठी घातली. "हितं."

एफ नावाची एक पकड असते. त्यात पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. माझं बोट तिथे नेहमी पाव क्षण उशिरा पोचायचं. वर्षभर मी ती जागा घाईघाईने उरकून नेत होते आणि कुणाला कळत नाही म्हणून निर्धास्त होते.

"वर्षभर झकास होतं ना?" मी ओरडले.

त्यांना ऐकू आलं नाही. तळवा तसाच ठेवून ते म्हणाले, "इन्नोम्मे." म्हणजे पुन्हा एकदा.

त्या दिवशी मी ती जागा अकरा वेळा वाजवली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बोटाच्या पेराला घट्टा पडला. मी हात जोडून "साकु!" म्हणायचे आणि ते बोट वर करून "इन्नोम्मे" म्हणायचे. सहा वाजायच्या आधीच ते खुर्चीत हजर असत, आणि आता मला फिरायला जावंसं वाटू लागलं होतं. टाळ्या बंद, झकास बंद. घरात पैसे खर्चून मी जॉबर बसवून घेतला होता.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी माझं बोट वेळेवर पडलं. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या फेरीतही पडलं. तिसऱ्या फेरीत मी बघितलं, दादांच्या कपाळाची आठी गेली होती. चौथ्या फेरीत गाणं अर्ध्यावर असताना त्यांनी डब्यावरचा हात उचलला, गुडघ्यांवर जोर देऊन उठले आणि चपला घालून अंगणात निघून गेले. मागे वळून बघितलं नाही.

तेवढ्यात नवरा फिरून आला. "काय गं, दादा मधेच उठले? कंटाळले वाटतं," तो म्हणाला.

मी नुसती मान हलवली आणि वाजवत राहिले. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि मग एफ चुकला असता.