वांग्याच्या कुळातली तंबाखू
वांगं भाजल्याचा वास आला की मला कामरगावचं ते जेवण आठवतं. लग्न अजून ठरायचं होतं आणि मी पहिल्यांदाच होणाऱ्या सासरी गेले होते. ताटात गरम भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि मी काय बोलते याकडे सगळ्यांचे कान. "तू नेमकं काय करून राह्यली, पोरी?" सासऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं, कॉम्प्युटरला झाडांची नातीगोती शिकवते. कोण कोणाच्या कुळातलं हे एकदा सांगितलं की पुढचं तो आपणच ताडतो. "मंग वांग्याचे भाऊबंद इचार त्याले!" मी हौसेनं लॅपटॉप उघडला. बटाटा आला, टमाटा आला, मिरची आली, आणि शेवटी तंबाखू. सासरे ताटावरून अर्धे उठून सासूबाईंना म्हणाले, "ऐकलं काय वं? तंबाखू वांग्याची बहीण होय! म्हंजे भाजीच झाली ना ते! अन् तू मले तंबाखू खाऊ देत नाही!" सासूबाईंचा चेहरा पाहून मला वाटलं, मोडलं लग्न. होणारा नवरा मान खाली घालून नुसती भाकर मोडत होता. सासूबाईंनी शांतपणे सासऱ्यांच्या ताटातलं भरीत काढून घेतलं. "बहीणच हाय ना? मंग खा आता भाकरीसंगं तंबाखू." दोन कोरडे घास कसेबसे गिळून सासरे माझ्याकडे वळले, "पोरी, तुया कॉम्प्युटरले सांग, हे नातं तोडून टाक." मग मात्र सासूबाईच आधी हसल्या, आणि लग्न ठरलं. आज मी विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवते, पण तंबाखू मला ना वांग्याच्या कुळातून काढता आली, ना सासऱ्यांच्या खिशातून.