जे मी पाहिलं नव्हतं

मुक्ताच्या हृदयाला भोक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून दत्तगुरूंशी माझं बोलणंच बंद पडलं. पूजा होत होती, गुरुवारचा उपासही चालू होता. पण हात आपले सवयीने चालायचे. माहेरी लहानपणापासून ऐकत आले होते की तो हाकेला धावतो, कुठल्याही वेशात येतो. मला वाटायचं, एक तर माझी हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही, नाहीतर पोचते आणि तो माझ्यावर रागावलेला आहे. कशासाठी रागावला असेल, याचा विचार करून करून डोकं फुटायची वेळ यायची. मुलगी जिना चढताना दोनदा टेकायची, ओठ मिटून श्वास घ्यायची आणि वर माझ्याकडे बघून हसायची. ते हसणं मला सहन होत नसे.

आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक नवा कारखाना निघाला होता, तिथे यजमानांना नोकरी लागली. राहायला मात्र मयूर विहारला, त्यांच्या मामांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. कंपनीची बस यांना पार यमुनेपलीकडे, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाच्याही पुढे घेऊन जायची. ते दिवसच मोठे धामधुमीचे होते. बाजारात रोज नवं काहीतरी यायचं, आणि ज्यांच्याकडे काल स्कूटर होती त्यांच्या दारात आज गाडी दिसायची. सोसायटी बांधणाऱ्यांनी जागा सोडली होती ती स्कूटरपुरती. त्यामुळे मागच्या भिंतीला चिकटून गाड्यांची एकच दाटीवाटीची रांग लागे. आमची छोटी पांढरी गाडी त्या रांगेत शेवटची. ती हौसेची नव्हती. बसच्या गर्दीत मुक्ताचा जीव घुसमटायचा, म्हणून घेतली होती, आणि तिच्यासाठीच मी चालवायला शिकले होते.

ऑपरेशनसाठी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नंबर लागायला कितीतरी महिने गेले. शेवटी भरती व्हायचा दिवस मिळाला. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, सकाळी वेळेवर आला नाहीत तर खाट पुढच्या मुलाला जाईल, आणि मग पुन्हा कधी, ते कोणी सांगू शकणार नाही. यांची नेमकी रात्रपाळी होती. ते मानेसरहून थेट हॉस्पिटलात येणार होते. त्या दिवशी दिल्लीत ऑटो आणि टॅक्सीवाल्यांचा चक्का जाम होता. पण आपली गाडी आहे म्हणून मी निर्धास्त होते. इतकी, की आदल्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी मुक्ताचा हात धरून, पिशव्या घेऊन खाली आले. गाडीची एकही काच शिल्लक नव्हती. पुढची दोन्ही टायरं चिरलेली, दार चेपलेलं, मागची सीट फाडून आतला स्पंज बाहेर काढलेला. रांगेतल्या आणखी दोन गाड्यांच्या पुढच्या काचा फुटल्या होत्या, त्यातली एक सोसायटीचे सेक्रेटरी भाटियासाहेब यांची. पण सगळ्यात जास्त राग काढला होता तो आमच्या गाडीवर. चार माणसं जमली होती, तावातावाने बोलत होती. भाटिया मला म्हणाले, "मैडम, पुलिस आने तक किसी चीज़ को हाथ मत लगाना। और कोई गाड़ी यहाँ से हिलेगी नहीं।" मला हॉस्पिटलात जायचंय, कोणीतरी सोडा, एवढं बोलायचं होतं. पण भाटिया वळून पुन्हा बाकीच्यांशी बोलू लागले होते.

मुक्ताने माझा पदर ओढला. दिल्लीच्या शाळेत जाणारी मुलगी, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "आई," ती म्हणाली, "आपल्यावर कोण गुस्सा आहे?"

इतके महिने मी जे मनाशी विचारत होते, तेच तिने मला विचारलं. माझ्या आत काहीतरी मोडलं. कित्येक दिवसांनी मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलले, म्हणाले, "बास झालं दत्ता. माझ्याच्यानं होत नाही. आता तू बघ." खरं सांगते, त्यात भक्तीचा लवलेश नव्हता. निव्वळ वैताग होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बेटा, ज़रा हटना। बच्ची के पैर में काँच लग जाएगा।"

वळून पाहिलं तर साठीच्या आसपासच्या एक सरदारीण बाई. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी, उंचापुरा बांधा. त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता मुक्ताला कडेवर उचललं आणि काचांच्या बाहेर नेऊन उभं केलं. त्यांची भाची शेजारच्या पॉकेटमध्ये, म्हणजे पलीकडच्या वसाहतीत राहायची. तिथली गेटं सगळी एकसारखी दिसतात. त्या चुकून आमच्या गेटातून आत शिरल्या होत्या. गेटाशी त्यांची गाडी उभी होती, टॅक्सीसारखी जुनी, ऐसपैस, पांढरा रंग दिलेली. आणि ती त्या स्वतः चालवत आल्या होत्या.

"जाना कहाँ है?" त्यांनी माझ्या पिशव्यांकडे बघून विचारलं.

"अस्पताल। बेटी को भरती करना है। आज ही।"

"तो चलो। खड़ी क्यों हो?"

"पर आप तो भाँजी के यहाँ..."

"भाँजी कहीं भागी नहीं जा रही।" एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी घेतलीसुद्धा.

मागच्या सीटवर कणकेची पोती होती, गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी नेत असलेली. मुक्ता एका पोत्याला टेकून बसली. यमुनेच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि माझा जीव टांगणीला. बाई शांतपणे गाडी पुढे काढत होत्या. सगळे त्यांना बीजी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकताच मुक्ताने आपला प्रश्न हिंदीत करून त्यांनाही विचारला, "बीजी, हमसे कौन गुस्सा है?"

बीजी मोठ्याने हसल्या. "तुझसे कौन गुस्सा होगा, पुत्तर? जिसने तोड़ा, वो तो तुझे जानता भी नहीं।"

किती साधं वाक्य! पण मला आठवतं, मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि एकाएकी डोळे भरून आले. मोडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे आपल्यावर काढलेला राग नसतो. एवढीशी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितलेली माझ्या कानात शिरली नव्हती. मुक्ताच्या छातीतल्या त्या भोकाला मी देवाचा कोप समजून बसले होते, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून त्याचीच वाट बघत होते.

आम्ही आत शिरलो तेव्हा नर्स मुक्ताचं नाव पुकारत होती. तिची ती शेवटचीच हाक असावी, कारण कागद खाली ठेवायला हात वळला होता. हे पोहोचेपर्यंत बीजी माझ्याजवळ बाकावर बसून राहिल्या. यांना पाहिल्यावर उठल्या, म्हणाल्या, "अब मैं चलूँ, आटे की राह देख रहे होंगे," आणि गेल्या. त्यांचा पत्ता विचारायचंही मला सुचलं नाही.

पण ऑपरेशनच्या दिवशी त्या आपण होऊन आल्या. डब्यात रोट्या आणि भाजी घेऊन. मुक्ताला आत नेलं होतं. हे दाराशी उभे होते, आणि मी बीजींच्या शेजारी. बोलायला काही नव्हतं म्हणून मी गाडीचा विषय काढला. पोलिसांना कोणी सापडलं नव्हतं. म्हटलं, तो माणूस एकदा समोर यावा, एवढीच इच्छा आहे.

बीजींनी डबा बाजूला ठेवला. मग सांगू लागल्या, कोणी दुसऱ्याचं सांगावं तसं. त्यांचे यजमान टॅक्सी स्टँड चालवायचे. चौऱ्याऐंशी साली जमाव आला, टॅक्सी जाळल्या, आणि यजमानांनाही जिवंत सोडलं नाही. मुलांना गल्लीतल्या एका हिंदू कुटुंबाने पलंगाखाली लपवलं, म्हणून ती वाचली. पुढे जळक्या लोखंडातून एक गाडी उभी राहिली. बीजी चालवायला शिकल्या, स्टँड पुन्हा सुरू केला, मुलं मोठी केली. परवा आम्हाला घेऊन गेली ती हीच गाडी.

मी विचारलं, "बीजी, आपने उन्हें माफ़ कर दिया?"

"नहीं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की कापला नाही. "जिन्हें मैंने देखा था, उनका नाम लिया। अदालत में, सबके सामने। डराया भी बहुत, पर लिया। और जिन्हें नहीं देखा, उनका नाम नहीं लिया। लोग कहते थे, इसका भी लिखवा दो, उसका भी, सब मिले हुए थे। मैंने कहा, जो मैंने देखा वो मेरा। जो नहीं देखा, वो वाहेगुरु का।"

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, सगळं नीट झालंय. हे तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. बीजींनी डोळे मिटले, ओढणी सावरली, आणि मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले तर त्यांनी मधेच धरून मला छातीशी घेतलं.

मुक्ता घरी आली, जिना यांच्या खांद्यावर बसून चढली. त्यानंतर काही आठवड्यांनी भाटियांनी मला कमिटीच्या मीटिंगला बोलावलं. भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या तीन तरुणांवर सगळ्यांचा संशय होता. ते रिकामटेकडे फिरतात, भिंतीवर बसतात, याखेरीज पुरावा काही नव्हता. भाटिया नीट समजावून सांगत होते, आवाजात आपुलकी होती. "दीवार के उस पार सिर्फ़ आपकी बालकनी से दिखता है, मैडम। आपको बस इतना कहना है कि सुबह-सुबह तीनों को दीवार फाँदकर जाते देखा। बाकी पुलिस देख लेगी। सबसे ज़्यादा नुकसान तो आप ही का हुआ है। और आपकी बच्ची उस दिन..." पुढचं त्यांनी मुद्दाम मोघम ठेवलं.

मी काही फार थोर बाई नाही. त्या क्षणी मला त्या तिघांचे चेहरे खरोखरच दिसू लागले. भिंतीवर बसलेले, दात काढणारे. त्यांनीच केलं असेल, नाहीतर कोणी केलं? कोणीतरी गुन्हेगार असायला हवाच होता मला. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खोटं आहे हे कोणाला कधी कळणारही नव्हतं. जिभेवर आलेलं ते वाक्य मला अजून आठवतं.

मग हॉस्पिटलातला तो आवाज कानाशी आला. मी म्हणाले, "भाईसाहब, मैं सो रही थी। मैंने किसी को नहीं देखा।"

"सोच लीजिए, मैडम।"

"सोच लिया। जो नहीं देखा, वो नहीं कहूँगी।"

मागून कोणीतरी कुजबुजलं की बाहेरून आलेल्या लोकांना सोसायटीची काय पडलीय. पुढे बरेच दिवस जिन्यात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. त्या तिघांना पोलिसांनी चौकशी करून सोडून दिलं. गाडी दुरुस्त होऊन आली. कोणी फोडली, ते आजतागायत कळलेलं नाही.

मीटिंगनंतरच्या रविवारी मुक्ताला घेऊन आम्ही बीजींच्या गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरच्या स्वयंपाकघरात बायकांची रांग बसली होती. बीजींनी सरकून मला जागा दिली आणि पुढ्यात कणकेचा मोठा गोळा ठेवला. मी मीटिंगमधलं सगळं सांगितलं. त्यांनी लाटणं न थांबवता ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, शाबासकी देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा किया। रोटी थोड़ी पतली बेल।"

मला हसू आलं, आणि लाटता लाटता रडूही आलं. आतून कीर्तनाचा आवाज येत होता, त्यातले शब्द मला पुरते कळत नव्हते. मुक्ता पंगतीत बसलेल्यांना पाणी वाढत पळत होती. हो, पळत होती, आणि धाप लागत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग ध्यानात आलं की माझ्या ओठांवर मघापासून दत्ताचं नाव आहे. कधी सुरू झालं ते कळलंच नव्हतं. आणि त्या नावामागे मागणं काहीच नव्हतं. मुलीला सांभाळ, असंही नाही. अपराध्याला शिक्षा कर, असंही नाही. नुसतंच नाव येत होतं, आणि हातांखाली रोटी गोल होत होती.

आज बीजी नाहीत. मुक्ता आता नोकरी करते, स्वतः गाडी चालवत जाते. बीजींना मी देव म्हणणार नाही. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. पण कोणाच्या रूपाने काय येतं हे आपण ठरवू नये, एवढं मला त्यांच्याकडे पाहून उमगलं. जे दिसेल ते खरं बोलावं, बोलायला भिऊ नये. जे दिसत नाही ते त्याच्या हाती सोपवावं आणि आपल्या पुढ्यातली कणीक मळावी. दत्तगुरूंपुढे बसते तेव्हा हल्ली माझ्याकडे सांगायला फारसं नसतं. हात जोडते, थोडी बसते, आणि उठून कामाला लागते.