माझ्यावर वीज पडलीच नव्हती

"तुम्हाला मिरगी नाही. कधीच नव्हती," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात, हृदयाच्या आयसीयूत मी पडले होते. छातीला वायरी, हाताला सलाईन, नाकात नळी. मॅडमच्या हातात ईसीजीची गुलाबी पट्टी होती. ईसीजी म्हणजे आपल्या हृदयात जी बारीक वीज फिरते, तिची कागदावर उमटलेली रेघ. ती रेघ त्यांनी मला बोटाने दाखवली.

लोकांना वाटेल, मी देवाचे आभार मानले असतील. अजिबात नाही. माझं डोकं फिरलं. सातवीत असल्यापासून मी मिरगीच्या गोळ्या खात होते. हिरड्या सुजल्या, दिवसभर झापड यायची, बाळंतपणात सगळ्यांचे टोमणे ऐकले. आणि आता म्हणे मिरगी नाहीच! मग होतं काय, आणि आजवर बघितलं का नाही कुणी?

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. ज्यांच्या घरात कुणी दचकून पडतं आणि ज्याला लोक चप्पल हुंगवतात, त्या घरांसाठी. गोड बोलायला मला जमणार नाही, ते आधीच सांगते.

माझं माहेर वडीगोद्रीचं. मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पायाळू माणसाचे दोन उपयोग. एक, कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूची लाथ मारून घ्यायची. दुसरा, आभाळ आलं की त्याला लांब उभं करायचं, कारण वीज म्हणे पायाळूलाच हुडकत येते. मी पोरवयात अर्ध्या गावाला लाथा घातल्या आहेत. त्यातल्याच बाया ढग गडगडले की मला म्हणायच्या, "तिकडं हो गं, आमच्यापाशी नको."

सातवीत होते तेव्हा कापूस वेचायला गेलो होतो. आभाळ भरून आलं. बायांनी मला बांधाकडं पिटाळलं आणि त्या सगळ्या एका झोपडीत दाटीवाटीने बसल्या. मोठा कडकडाट झाला. वीज कुठं लांब पडली असेल, पण मी धाडकन खाली आले. हातपाय झाडले म्हणे. शुद्धीवर आले तर नाकाला चप्पल, तोंडात चमचा, आणि पुढचा एक दात तुटलेला. तो चमचा कुणी घातला हे मला आजही ठाऊक आहे, पण ती बाई आता म्हातारी झाली, जाऊ द्या.

त्या दिवशी माझ्या मायनं सगळ्या गावाला सांगितलं, "पायाळू हाये ना. विजेची झळ लागली." तिच्या तोंडी मग हेच वाक्य बसलं. पुढं मी पडले की, पाऊस असो नसो, ती म्हणायची, "पायाळूला हे असं होतंच असतंय."

नंतर जुन्या जालन्यातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईईजी काढला. ईईजी म्हणजे डोक्यातल्या विजेची रेघ. ती नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आली तरी मिरगी असू शकते. गोळी चालू ठेवा." खोटं नव्हतं बोलले, तसं असू शकतं. पण डोक्याची रेघ ठीक आली तर एकदा छातीची बघावी, एवढं त्यांना सुचलं नाही. साधा ईसीजी, चहा उकळायला लागतो तेवढा वेळ! कुणी काढला नाही. त्यांच्यानंतर आणखी तिघांना दाखवलं. प्रत्येकाने आधीची चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि गोळी वाढवली.

लग्न झालं आणि मी अंकुशनगरला आले. माझे मालक, संतोष, साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात आहेत. आम्ही कॉलनीत राहतो. तिथं पाळी बदलली की भोंगा होतो. पहिल्याच आठवड्यात भोंगा झाला आणि मी ओट्यापाशी पडले. नवी नवरी भोंग्याला पडते म्हणून कॉलनीत हसून हसून पुरेवाट. पुढं कुकरच्या शिट्टीला पडले, एकदा फोन अचानक वाजला तेव्हा पडले. मी डॉक्टरांना सांगायची, "साहेब, मी आवाजालाच पडते." ते म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका." हे टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्यांना एकदा माझ्या जागी उभं करावं असं मला अजून वाटतं.

आता गेल्या वर्षीचं सांगते. दिवाळीच्या आधी मी, संतोष आणि आमची लेक प्रांजल माहेरी गेलो होतो. प्रांजल पाचवीत आहे. मला दोन दिवस जुलाब होत होते. गावातून एक अँटिबायोटिक आणि उलटीची गोळी आणली. पुढं मॅडमनी सांगितलं ते आत्ताच लिहून टाकते: जुलाबाने अंगातलं पोटॅशियम कमी होतं, आणि काही अँटिबायोटिक व उलटीच्या गोळ्या माझ्या आजारात विषासारख्या. मला काय माहीत? ज्याला माहीत असायला हवं त्यालाच माहीत नव्हतं.

दुपारी परतीचा पाऊस आला. मी अंगणातले कपडे काढत होते. कडाड् असा आवाज झाला आणि मी चिखलात पडले.

पुढचं मला संतोषनी सांगितलं. ते पलीकडं दुकानावर गेले होते. पळत आले तर माझ्याभोवती गोल करून माणसं उभी, आणि एकही जण हात लावत नाही. "हात लावू नका, अंगात करंट हाये! पायाळूवर वीज पडली!" हे ओरडत कोण होतं? माझी माय. माझी सख्खी माय, पोटच्या पोरीला हात लावू नका म्हणून लोकांना अडवत होती. कुणीतरी शेण आणायला पळालं होतं, अंगाला थापायला.

संतोषनी कुणाचं ऐकलं नाही. दिवसभर वायरीत हात घालणारा माणूस तो. "बाजूला व्हा, करंट कधी अंगात साठून राहतो का?" म्हणत गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी छाती दाबू लागले. कारखान्यात शॉक लागलेल्याला काय करायचं ते सगळ्यांना शिकवलेलं असतं. मी श्वास घेतला. जीपमध्ये घातलं, अंबडला नेलं, तिथून जालना, तिथून संभाजीनगर. वाटेत दोनदा पुन्हा ठोका थांबला होता म्हणे. त्या त्या दवाखान्यात शॉक देऊन परत आणलं.

आणि नीट ऐका, कारण हे वडीगोद्रीतच नाही, सगळीकडं आहे. माझ्यावर वीज पडलीच नव्हती. पण खरंच पडली असती, तरी त्या माणसाला हात लावला तर काहीही होत नाही. मॅडमनी मला दोनदा सांगितलं. वीज अंगातून गेली की गेली. पहिली चार-पाच मिनिटंच माणूस वाचवायची असतात, आणि आपण तेवढ्यात शेण शोधतो.

माझ्या आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी हृदय पुन्हा चार्ज होतं. माझं हृदय चार्ज व्हायला जरा जास्त वेळ घेतं. पूर्ण चार्ज व्हायच्या आत दचकायला झालं की ताल सुटतो, हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं जात नाही. डोक्याला रक्त मिळालं नाही की माणूस पडतो आणि हातपाय झाडतो. बघणाऱ्याला वाटतं मिरगी. एका दिवसात हे पुन्हा पुन्हा झालं तर डॉक्टर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात, म्हणजे विजेचं वादळ. मॅडम म्हणाल्या, "बाहेरच्या आभाळाचा तुमच्याशी काही संबंध नाही. त्याचा फक्त आवाज तुम्हाला लागला. वादळ आत होतं."

मॅग्नेशियम, पोटॅशियम सलाईनमधून दिलं. मग गळपट्टीच्या हाडाखाली आयसीडी बसवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र असतं. ताल सुटला तर ते आतूनच शॉक देतं. शिवाय रोजची बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाला दचकू न देणारी गोळी. मिरगीच्या गोळ्या मॅडमनी हळूहळू बंद केल्या.

आयसीयूतून बाहेर आल्यावर प्रांजल माझ्या मायसोबत भेटायला आली. पलंगाला टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, शाळेची घंटा झाली की माझ्या डोळ्यापुढं पण काळं येतं. आजीकडं राह्यला गेल्ते तवा ताट पडलं अन् मी पडले. आजी म्हणाली, कुणाला सांगू नको."

मी मायकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मॅडम तेव्हा मला तपासायला आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "हा आजार रक्तातून येतो. आजच ईसीजी काढू." तर माय मधे आली. "पोरीचा कागद काढू नका. एकदा कागदावर आलं की शिक्का बसंल. उद्या पाव्हणे इचारतील. चांगली हाये ती, चक्कर कुणाला येत न्हाई?"

माझ्या छातीला टाके होते, नाहीतर मी उठून काय केलं असतं सांगता येत नाही. "प्रांजल तर सिझरची हाये," मी म्हणाले. "तिला काय म्हणणार तू? ती कशी पायाळू?" मी पुढं म्हणाले, "पाव्हण्यांना मेलेली पोरगी दाखवणारेस का?" हे बोलायला नको होतं असं संतोष म्हणतात. मला नाही तसं वाटत. अजूनही नाही.

ईसीजी निघाला. तीच रेघ. माझ्या पोरीच्या छातीत, कुणाला ठाऊक नसताना, तीच रेघ. त्या दिवशी मी रडले. पण औषध त्याच दिवशी चालू झालं, आणि मॅडमनी शाळेसाठी चिठ्ठी दिली. आता तिच्या वर्गाबाहेर घंटा वाजवत नाहीत, बाई हात वर करून सुट्टी सांगतात. पोरं तिला बिलकुल चिडवत नाहीत, उलट तिच्यामुळं वर्ग शांत असतो म्हणून बाई खूश आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर आधी ईसीजी मागा. डॉक्टर "कशाला" म्हणाले तर "माझ्या समाधानासाठी" म्हणा, भांडा, पण कागद हातात घेतल्याशिवाय उठू नका.

मॅडमनी सांगितलं होतं, तुमच्याही आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी हे आलं असणार. वडील कधीच गेले. राहिली माय. "मला काय धाड भरली?" असं करत तिनं दोन महिने काढले. शेवटी संतोष तिला म्हणाले, "मामी, ईसीजीला प्रांजलला सुई टोचली न्हाई, तुम्हाला टोचंल का? चला." नातीचं नाव घेतल्यावर ती आली.

तपासणीला तिघी एकदमच गेलो. मायची पट्टी मॅडमनी वर धरली, माझ्या पट्टीशेजारी ठेवली, आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडूनच आलंय. तुम्ही आजवर कधी पडला नाहीत?"

माय पदर नीट करू लागली. बाहेर बाकावर येऊन बसलो. प्रांजल मधे, आम्ही दोन बाजूला. माय पदराकडं बघत बोलली.

"पडायचे की. लहानपणी तांब्या पडला तरी पडायचे. लग्न झाल्यावर कमी झालं. तुझ्या बापाला बी सांगितलं न्हाई."

"आणि मी पडले तेव्हा?"

"तवाच वळखलं म्या. कापसात पडलीस तवाच. हे माझंच हाये म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुढं म्हणाली, "पायाळूला कुणी नाकारत न्हाई गं. पायाळू पोरीचं लगीन होतंय. पन आईचं दुखणं लेकीत उतरलं म्हणलं की दारात माणूस येत न्हाई. मंग मी पायाळू पायाळू करत राह्यले. मला वाटलं, पायाळू म्हणूनच दिवस निघतील तुझे. तुझ्या पोरीचं बी तसंच झाकलं असतं."

इतकी वर्षं. त्या गोळ्या, तो दात, तो भोंगा, ती चप्पल. ही बाई पहिल्या दिवसापासून जाणत होती. तिनं एकदा तोंड उघडलं असतं तर एखाद्या डॉक्टरनी दोघींच्या छातीला वायरी लावल्या असत्या. मला असा राग आला, असा राग आला, की सबंध दवाखाना दणाणेल असं ओरडावं. त्या चिखलात ती ओरडली होती तसं, जीव खाऊन. तोंड उघडलंसुद्धा मी.

आणि तेव्हाच मला कळलं की ओरडता येणार नाही. मॅडमनी आत्ताच आत सांगितलं होतं, मोठा आवाज अचानक कानावर आला तर मायच्या जिवाला धोका आहे, अजून तिची गोळीही सुरू नव्हती. आणि मधे प्रांजल बसली होती.

म्हणून मी आवाज खाली आणला. मायचा हात धरला आणि हळू हळू, अगदी कुजबुजत, मनात साठलं होतं ते सगळं तिला बोलले. एकेक गोष्ट काढली. ती मान हलवत राहिली, रडत राहिली, हात सोडवून घेतला नाही. बसमध्येही मी थांबले नाही. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून कौतुकानं म्हणाली, "किती मायेनं बोलून राह्यली लेक आईशी."