बोटीवर जायचा विमा

आमच्या घरात पहिला विमा उतरवला तो म्हशीचा. जनावरांचा डॉक्टर आला, तिचे दात बघितले, कानात बिल्ला मारला, झाला विमा. म्हैस मेली तर बिल्ल्यासकट कान दाखवायचा आणि बिल्ला हरवला तर बोंबलत बसायचं, असा नियम होता. विम्याचं आमच्या बायकोचं शिक्षण एवढंच. माझंही काही जास्त नव्हतं. मी सातवी नापास माणूस, वरणगावला बारुदीच्या कारखान्यात जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर बोदवडला घर बांधून बसलो.

मुलगा जर्मनीत नोकरीला होता. चार-पाच वर्षं झाली, घरी आला नव्हता. एक दिवस त्याचं जाड पाकीट आलं. त्यात रंगीत फोटो होते. एक लांबलचक पांढरी बोट, तिला खिडक्याच खिडक्या, आत पलंग, जेवायची टेबलं, टेबलावर फुलं. ऱ्हाईन नावाची नदी. आईबापांनी जन्मात कुठं फिरणं केलं नाही म्हणून त्यानं त्या बोटीत आम्हा दोघांची खोली घेतली होती. आठवडाभर बोटीतच राहायचं, बोटीतच झोपायचं, तोही बरोबर येणार होता. पैसे भरून झाले होते आणि ते परत मिळायचे नव्हते. फार महागाचं काम होतं, किती ते त्यानं लिहिलं नाही. खाली एक ओळ होती. विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका, इथला दवाखाना आपल्याला परवडणार नाही.

बायकोनं फोटो पदराखाली घेतले आणि सगळ्या गल्लीला दाखवून आली. मी ती विम्याची ओळ घेऊन बसलो.

मी भित्रा माणूस नाही. कारखान्यात रोज सकाळी गेटवर काडीपेटी काढून घ्यायचे, खिसे उलटे करून बघायचे, मग आत सोडायचे. तीस वर्षं बारुदीजवळ काम केलं. पण तिथं आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. प्रत्येक खोलीचं दार बाहेर उघडतं, आणि तुझं दार कोणतं ते हातातलं काम सुरू करायच्या आधी बघून ठेव. मी रोज बघायचो. त्यामुळे भीती वाटली नाही. त्या बोटीच्या फोटोत मी पहिल्यांदा दारच शोधलं. दार होतं, पण बाहेर पाणी होतं.

विमा उतरवणारे आमच्या गावात एक गुरुजीच होते. शाळा सुटली की सायकलला बॅग अडकवून निघायचे. त्यांनी गावातल्या म्हशी उतरवल्या होत्या, मोटारसायकली उतरवल्या होत्या, माणसंही उतरवली होती. परदेशाचा विमा त्यांनीही पहिल्यांदाच हातात घेतला होता. जळगावच्या ऑफिसातून दोन तऱ्हेची माहितीपत्रकं घेऊन आले. एक स्वस्त, एक महाग.

"नाना, स्वस्तात फक्त दवाखाना आहे," गुरुजी म्हणाले. "महागात बॅग हरवली, विमान चुकलं, जिन्यावरून पडलात, दात दुखला, सगळं आहे."

ते एकेक वाचायला लागले तसा मी बोटांवर मोजत गेलो. मला माहीत नव्हतं एवढ्या तऱ्हेनं माणसाचं वाईट होऊ शकतं. बोट चुकणं मला सुचलंही नव्हतं. परक्या देशात, भाषा येत नाही, हातात पिशवी, आणि बोट निघून गेली, हे आता डोळ्यासमोरून हलेना.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. "गुरुजी, मन्हा कानमा बी बिल्ला मारशात का?"

"नाही अक्का," गुरुजी हसले. "तुमचा नुसता फोटो लागतो."

"मंग ठीक शे. कान टोचेल शे, आखो जागा नही."

ती धुळ्याकडची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी बोलणं तिकडचंच राहिलं.

गुरुजी पुढं वाचत होते आणि एका ठिकाणी थांबले. पान उलटलं. मला कळलं नाही, पण तिला कळलं.

"ती ओळ कसाले सोडी दिन्ही? वाचा."

"तसं काही महत्त्वाचं नाही अक्का."

"महत्त्वाचं नही तर वाचाले काय जास?"

गुरुजींनी चष्मा पुसला. सवाष्णीच्या तोंडावर असलं वाचायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हणालो नाही की वाचू नका, कारण मला स्वतःला ऐकायचं होतं. मग त्यांनी घाईघाईनं वाचलं. प्रवासात काही कमी-जास्त झालं तर देह मायदेशी आणण्याचा खर्च कंपनी करील. हे फक्त महाग विम्यात होतं.

"मंग महागवालाच ल्या," ती म्हणाली. "माले आठेच आना. तठे माले कोन वळखस?"

आणि रिकामी कपबशी उचलून आत गेली. भाकरी थापायचा आवाज यायला लागला. गुरुजी म्हणाले, "नाना, नुसतं लिहिलेलं असतं हो. असं होत नसतं." पण होत नसतं तर लिहितील कशाला?

आमच्या वयाला डॉक्टरचा दाखला लागत होता. छातीची पट्टी काढायची, रक्त तपासायचं. आम्ही पॅसेंजरनं जळगावला गेलो. आदल्या दिवशीपासून तिनं मीठ बंद केलं होतं, दुपारीही आडवी झाली होती, जी कधी होत नसे. मला वाटलं थकली असेल. डॉक्टरनं विचारलं, चालताना दम लागतो का? नाही. जिना चढताना छातीत दुखतं का? नाही. कधी गोळ्या चालू होत्या का? नाही. पटापट उत्तरं दिली, शाळेतल्या हुशार पोरीसारखी. पट्टी चांगली आली. माझीच जरा वाकडी आली, पण चालण्यासारखी होती. डॉक्टर म्हणाले, जा, मजा करा.

मला जरा धीर आला. स्टेशनवर मी तिला केळ्याचे वेफर घेऊन दिले.

संध्याकाळी बोदवडला उतरलो. पूल चढून पलीकडे जायचं होतं. मी पुढं, ती मागं. वर पोचून मागं बघितलं तर ती अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी होती. लोक तिला चुकवून चढत होते. तोंड पिवळं पडलं होतं.

मी खाली धावलो. "काय झालं?"

"काही नही. चप्पल सरकनी."

चप्पल पायात होती. तिनं पदराची गाठ दातानं सोडली, आतून एक बारीक गोळी काढली आणि जिभेखाली ठेवली. सवयीनं ठेवली. मग डोळे मिटून उभी राहिली. मी तिच्या हाताला धरलं, तर तो ओला गार. खालून आगगाडी सुटली आणि सगळा पूल हादरला. मी तिला पायरीवर टेकवलं.

जरा दम खाल्ल्यावर तिनं सांगितलं. दिवाळीत धुळ्याला बहिणीकडे गेली होती तेव्हाच तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदयाला रक्त कमी पडतं. गोळ्या बहिणीनं घेऊन दिल्या. मला सांगायचं नाही अशी बहिणीला शपथ घातली.

"अगं मग डॉक्टरला खोटं का बोललीस?"

"म्हैस दखाडतस तव्हय कोनी सांगस का, चारा खात नही म्हनीसन?"

हे आमच्याकडे सगळे करायचे. विम्याचा डॉक्टर यायच्या आधी म्हशीला धुवायचं, शिंगांना तेल लावायचं, गूळ-पाणी पाजायचं, आणि खोकत असेल तर तेवढा वेळ पोराला ढोल वाजवायला बसवायचं. तिनं स्वतःचं तेच केलं होतं. मीठ बंद, दुपारी झोप, नवीन लुगडं. पट्टीत आजार दिसला नाही म्हणजे विमा झाला, आणि विमा झाला म्हणजे काळजी मिटली, असं तिचं गणित.

"पोऱ्याले देखनं शे माले," ती म्हणाली. "मंग जे व्हयी ते व्हवो."

मला ती बोट दिसत होती. मधोमध पाणी, दोन्ही काठ लांब, तिचं तोंड असं पिवळं, आणि मी खोलीतून बाहेर येऊन कोणाला काय सांगणार? जर्मन भाषेत छातीला काय म्हणतात तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सह्या घ्यायला आले. ती माझ्या शेजारी सतरंजीवर बसली, आणि गुरुजींनी पेन काढलं तसा माझ्या गुडघ्याला जोरात चिमटा घेतला.

मी म्हणालो, "गुरुजी, हिला हृदयाचा त्रास आहे. गोळ्या चालू आहेत."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. माणूस सरळ होता. म्हणाले, "नाना, हे लिहिलं तर हृदय सोडून बाकीचं सगळं ते देतील. जुना आजार कोणीच धरत नाही, ना स्वस्तात ना महागात. न लिहिता गेलात आणि त्यांनी शोधून काढलं, तर काहीच देणार नाहीत."

"आणि देह?"

"अहो, नाना..."

"विचारतोय ते सांगा. हृदयानं गेली तर आणतील का?"

"मला वाटतं, नाही."

ती म्हणाली, "मंग दात दुखीसन मरसू. दाताचा विमा शे ना?"

गुरुजींना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. मला नाही आलं. मी विचारलं, "समजा लिहिलं, समजा आणखी पैसे भरले. बोट नदीत मधोमध आहे आणि हिच्या छातीत कळ आली. तुमच्या विम्यानं काय होईल?"

"विम्यानं बोट थांबत नाही नाना. विमा नंतर कामाला येतो."

मी सही केली नाही. गुरुजी सायकल घेऊन गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट मात्र वाढत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमले भ्याव वाटस, माले नही. आनि जानं माले व्हतं." मी म्हणालो, "हो. मला भीती वाटते." दुसरं काय सांगणार? तिला वाटत नव्हती म्हणून दोघांची मलाच वाटत होती.

कोपऱ्यावरच्या एसटीडीतून मुलाला फोन केला. आधी चिडला. मीच खर्चाला भिऊन नाटक करतोय असं त्याला वाटलं. खरं काय ते सांगितल्यावर म्हणाला, मीच येतो. बोटीचे पैसे बुडाले ते बुडाले. तो स्वतःच आला, उन्हाळ्यात. आईला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला, गोळ्या बदलल्या, ऑपरेशनला ती तयार झाली नाही. तो होता तोवर ती जिना चढायची नाही की बादली उचलायची नाही, नुसती त्याच्या समोर बसून राहायची. पण तो गेल्यावर बोटीचा एक फोटो तिनं रॉकेलच्या स्टोव्हवरच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला. कोणी विचारलं की सांगायची, "ह्या बोटवर आम्ही जानार व्हतूत. आमना घरना मानूस भ्याई गया."

त्यानंतर ती दोन उन्हाळे राहिली. मी घराबाहेर फारसा पडलो नाही. ती न्हाणीत गेली तर दाराशी उभा. आवाज आला नाही तर हाक मारायचो. वैतागायची. "आंघोळबी विमा उतराईसन करू का?"

मग एका दुपारी पापडाचं पीठ मळताना तिच्या हातातला गोळा खाली पडला. गोळी दिली, दुसरी दिली. छातीतली कळ उतरेना. शेजाऱ्यानं रिक्षा आणली. दवाखाना रुळांच्या पलीकडे, फाटकातून गेलं की लगेच. आम्ही पोचलो आणि फाटक पडलं.

मी रिक्षातून उतरून फाटकवाल्याला ओरडलो. तो खिडकीतून हात जोडून म्हणाला, "बाबा, सिग्नल दिलाय, आता माझ्या हातात नाही." खरंच नव्हतं. आधी एक एक्स्प्रेस गेली. फाटक उघडेना, कारण दुसऱ्या बाजूनं मालगाडी येत होती. पलीकडे दवाखान्याची पिवळी भिंत डब्यांच्या फटीतून दिसायची आणि झाकायची. शेजारी म्हणाला, उचलून खालून नेऊ. गाडी चालू होती, कसं नेणार? मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मागं ट्रॅक्टर, बैलगाड्या, सायकली.

मी परत तिच्याजवळ बसलो. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हाताला पीठ तसंच लागलेलं.

"मालगाडी शे," ती म्हणाली. "टाईम लागी."

एवढंच बोलली. गाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा तिचा हात माझ्या हातात जड झाला होता. फाटक उघडलं, रिक्षावाल्यानं जोरात रिक्षा काढली, आणि मी त्याला म्हणालो, हळू घे, आता घाई नाही.

मुलगा म्हणतो, आता तुम्ही एकटे या, बोटीत नका बसू, नुसते या. गुरुजीही म्हणाले, नाना, तुमचा विमा सहज होईल. फोटो अजून स्टोव्हच्या वर आहे, धुरानं बोट काळी पडलीय. मी विचारतो स्वतःला, तेव्हा सही केली असती तर? तिला ती नदी दिसली असती, आणि पाण्यात मधोमध तसंच झालं असतं तर ती तिकडेच राहिली असती, अनोळखी. तिला इथेच यायचं होतं. ती इथेच आहे, तापीच्या पाण्यात तिला मी माझ्या हातानं सोडलं.

दर आठवड्याला माझ्या गोळ्या आणायला दवाखान्यात त्याच फाटकातून जातो. उघडं असलं तरी मी आधी थांबतो, दोन्हीकडे बघतो. मागचे सायकलवाले ओरडतात, "चला की आबा!" माझे पाय लगेच उचलत नाहीत.