झाकलेल्या बरणीतल्या अळ्या

आठवीच्या बत्तीस वह्यांवर लाल शाईत एकच शेरा होता : ‘प्रयोग चुकला. पुस्तकाप्रमाणे पुन्हा लिहा.’ तो वाचून शाझिया मॅडमचं डोकं तापलं.

द्वारका चौकाजवळच्या त्या शाळेत त्या चौदा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. एखादी गोष्ट माणसाला कशी कळली, आधी तो कुठे फसला, हे सांगितल्याशिवाय त्यांचा धडा पुढे सरकत नसे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या रेडी नावाच्या शास्त्रज्ञाने बरण्यांवर कापड बांधून दाखवलं होतं की मांसात अळ्या होतात त्या माशीच्या अंड्यांतून. शाळेत मांस कुठून आणणार? मुलांनी पेरू आणले. एक बरणी उघडी ठेवली, एक कापडाने बांधली.

आठवड्याने दोन्हींत अळ्या!

“मॅडम, रेडी चुकला!” मुलं ओरडली.

“मग शोधा, चुकलं कोण. आणि दिसलं तेच वहीत लिहा.”

उत्तर वर्गातल्या छायाच्या आईकडे होतं. साळूबाई स्वतःच्या बागेतले पेरू पंचवटीच्या बाजारात विकायच्या. “माशी झाडावरच टोचती, मॅडम. अंडी आतच राहत्यात. नंतर बरणी झाकून काय उपेग नाय.”

खुद्द रेडीही इथेच अडला होता; फळातली अळी झाडच जन्माला घालतं, असं त्याला वाटे. मॅडमकडून हे ऐकून मुलं हरखली. त्यांनी साळूबाईंच्या बागेत वीस कोवळ्या फळांना पिशव्या बांधल्या. फळं पिकायच्या आतच शाळेची तपासणी आली, आणि मुख्याध्यापक सोमनाथ सरांनी वह्यांवर तो शेरा मारला.

मॅडम वह्या घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या. “सर, मुलांनी खोटं लिहायचं?”

“खोटं कसलं? पुस्तकातलं लिहायचं. चुकलेल्या लोकांच्या गोष्टी शिकवता कशाला?”

“बत्तीस मुलांनी अळ्या पाहिल्यात. डोळ्यांनी पाहिलेलं खोडायला मी शिकवणार नाही. तसं करायचं तर त्याला विज्ञानाचा तास म्हणू नका.”

तपासणीला दुसऱ्या तुकडीच्या वह्या मांडल्या गेल्या. मॅडमना नोटीस मिळाली, जूनपासून त्यांच्याकडून आठवीचा वर्गही काढून घेतला गेला. पण त्याआधी फळं पिकली होती. एकोणीस फळांत अळी नव्हती. छायाने लिहिलं : ‘विसाव्यात होती. कारण अजून कळलं नाही.’

सोमनाथ सरांनी ते पान उघडूनही पाहिलं नाही. ही गोष्ट सांगताना शाझिया मॅडमचा आवाज आजही चढतो.